‘उच्चार अशुद्ध’ : फोंडा तालुक्यातल्या एका हौशी नाट्यमंडळाचं प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात हौशी नाट्यमंडळ आहे. एका मराठी नाट्यस्पर्धेत त्यांच्या नाटकावर परीक्षकाने एक छोटा शेरा दिला, आणि त्यानंतर मंडळात कोणी बोलायचं नि कोणी गप्प राहायचं याची वाटणीच बदलून गेली. हे प्रकरण त्या बदलाचं आहे. गावाचं, मंडळाचं, स्पर्धेचं, माणसांचं नाव इथे घेतलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बाजूला ठेवले आहेत. मी मराठी शिकवतो. संहिता वाचून द्यायला, अडलेल्या शब्दांचे अर्थ सांगायला मंडळाच्या तालमींना जाऊन बसतो. पुढे जे येतं ते तिथे पाहिलेलं, ऐकलेलं आणि त्या माणसांनी विश्वासाने सांगितलेलं आहे.

गाव आणि त्याच्या दोन भाषा

अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, नाटक देवळाच्या अंगणात वाढलं. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा मंगेश, म्हालसा, शांतादुर्गा हे देव जुवारी नदी ओलांडून इकडे आले. पुढे त्यांच्या उत्सवांभोवती कीर्तन, भजन, गाणं आणि नाटक रुजलं. आजही जत्रेला, काल्याला रात्री गावच्या पोरांचं नाटक होतं. कोणी बोटीवर असतो, कोणी वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, तरी नाटकात काम असेल तर सुट्टी काढतोच.

नाटक मराठी असतं, पण तालीम कोकणीत चालते. दिग्दर्शक ‘आतां तूं हांगाच्यान यो, मागीर वाक्य घे’ (आता तू इथून ये, मग वाक्य घे) म्हणतो आणि नट ते वाक्य मराठीत घेतो. घरी कोकणी, बाजारात कोकणी, भांडण आणि लाड कोकणीत. आरती, भजन, लग्नाची पत्रिका, श्रद्धांजलीची जाहिरात आणि सकाळचं वर्तमानपत्र मराठीत. भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 साली एकाच समाजात एक रूप घरचं आणि एक रूप मानाचं अशी विभागणी कशी चालते ते मांडलं होतं. त्यांचं विवेचन एकाच भाषेच्या दोन रूपांविषयी होतं. गोव्यात तर या दोन भाषा की एक, यावरूनच अनेक वर्षं रण पेटलं. साहित्य अकादमीने 1975 साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली, 1992 साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. कायद्याने वाद तिथे मिटवला. माणसांच्या मनात तो अजून मिटलेला नाही, आणि या प्रकरणात तो पदोपदी आडवा येतो.

एक गोष्ट गोव्याबाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. इथल्या बहुजन समाजातल्या कित्येक घरांसाठी मराठी म्हणजे अक्षरओळखच. 1961 साली गोवा मुक्त झाला, भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती, तिथलं मूल ‘अ आ इ’ म्हणायला लागलं ते मराठीत. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाही असा निकाल 34,021 मतांच्या फरकाने लागला, पण विलीनीकरणाच्या बाजूने मत देणाऱ्यांतही अशी घरं मोठ्या संख्येने होती. त्यांना मराठीने माणसांत आणलं असं त्यांना वाटतं, आणि ते खरं आहे. त्याच माणसांना ‘तुमची मराठी अशुद्ध’ असं ऐकावं लागतं तेव्हा ते किती खोल लागतं, हे त्या पाटीची किंमत ठाऊक असल्याशिवाय समजणार नाही.

प्रयोग आणि शेरा

त्या वर्षीचं नाटक कौटुंबिक होतं. आईची भूमिका गावातल्याच एका अंगणवाडी सेविकेने केली. ती देवळाच्या महाजनांतली, म्हणजे देवस्थानात वंशपरंपरेने हक्क असलेल्या घरांतली, नाही. डोंगराकडच्या वाड्यावर राहते. आई काजूच्या बिया फोडायला जायची. ही दहावीपर्यंत शिकली, लग्नानंतर अंगणवाडीत लागली, आणि फुगडी-धालोत, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्यांत, आवाज चांगला म्हणून दिग्दर्शकाने तिला नाटकात आणलं. जत्रेतल्या प्रयोगात तिने बायकांना रडवलं होतं. मंडळाने नाटक स्पर्धेत न्यायचं ठरवलं ते बरंचसं तिच्या बळावर.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी घर सोडून गेलेली मुलगी परत येते. संहितेत आईचं वाक्य असं आहे : ‘आली गं बाई, माझी पोर आली!’ स्पर्धेच्या प्रयोगात ती दाराकडे धावली आणि म्हणाली, ‘आयलें गो, म्हजें चेडूं आयलें!’ नाट्यगृहात टाळ्या पडल्या. विंगेत उभी असलेली पोरंसुद्धा गहिवरली होती.

या एका वाक्याखेरीजही तिच्या बोलण्यात घरची कोकणी होतीच. कोकणीत लहान वयाच्या, लग्न न झालेल्या मुलीला नपुंसकलिंगात बोलतात, त्यामुळे मुलीविषयी बोलताना ‘ती शाळेत गेली’ ऐवजी तिच्या तोंडून एकदोनदा ‘ते शाळेत गेलं’ निघालं. ‘ए’ आणि ‘ओ’ तोंड उघडून, पसरट निघत होते, कारण कोकणीत त्या स्वरांची बंद आणि उघडी अशी दोन रूपं आहेत. अनुनासिक ठळक होता. हे सगळं नियमित आहे, म्हणजे त्याला नियम आहेत. भाषेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ते ऐकून ही बाई कुठली, हे बऱ्यापैकी सांगता येईल.

निकालाबरोबर अभिप्राय आला. नेपथ्याचं कौतुक होतं, प्रकाशयोजनेबद्दल दोन सूचना होत्या. आणि मग : ‘आईच्या भूमिकेतील कलाकाराचे उच्चार अशुद्ध. भाषेवर कोकणीची छाप. मेहनत घ्यावी.’

देवळाच्या अग्रशाळेत मंडळाची बैठक झाली तिथे सचिवाने हा अभिप्राय मोठ्याने वाचला. ती समोरच बसली होती. कोणी काही वाईट बोललं नाही. एकजण ‘सोड गो, परीक्षक म्हणजे असेच’ म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘पण खरं ते खरं, आपण भाषेवर काम करायला हवं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेसुद्धा.

या शेऱ्यात मला तीन गोष्टी एकमेकांत कालवलेल्या दिसतात. तिचे शब्द ऐकू आले नाहीत का? ऐकू आले पण कळले नाहीत का? की ऐकू आले, कळलेही, पण ते पुण्यातल्या आईसारखे वाटले नाहीत? पहिल्या दोन तक्रारी नाटकाच्या आहेत. तिसरी माणूस कुठून आला याविषयीची आहे. ‘अशुद्ध’ म्हटलं की तिन्ही त्यात मावतात आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय सुधारायचं ते मात्र कळत नाही. त्याला इतकंच कळतं की आपल्या तोंडात काहीतरी खोट आहे.

पुढचं वर्ष

पुढच्या वर्षी मुख्य स्त्रीभूमिकेसाठी मंडळाने पैसे देऊन शहरातली नटी आणली. आमच्याकडे ही पद्धत जुनीच आहे, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. अंगणवाडीच्या सेविकेला विचारलं का, तर विचारलं. ‘या वर्षी तू कपडेपट बघशील का?’ असं. तिने तो बघितला. तालमीला येणाऱ्यांचा चहाही तिच्याकडे गेला.

मी तिला नंतर विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘म्हजी भास बरी ना म्हण सांगलां न्हय, मागीर हांवें कित्याक येवचें, सर?’ माझी भाषा चांगली नाही असं सांगितलंय ना, मग मी कशाला यायचं, असं. बोलताना चिडलेली नव्हती. तिने तो निकाल मान्य करून टाकला होता, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. चिडलेल्या माणसाशी वाद घालता येतो.

तिच्या वाड्यावरचे दोन तरुण मंडळात होते. त्यांना कोणी काढलं नाही. पण वाचनाच्या पहिल्या दिवशी ‘ज्यांचे उच्चार स्वच्छ आहेत त्यांना आधी मोठ्या भूमिका वाचायला देऊया’ असं ठरलं, आणि संहितेची प्रत ज्या क्रमाने फिरली तो क्रम जवळजवळ वाड्यांचा क्रम होता. देवळाजवळची घरं आधी, डोंगराकडची शेवटी. तिथे बसलेल्या कुणाच्याही मनात जात नव्हती, हे मी खात्रीने म्हणू शकतो, कारण या पोरांना मी ओळखतो. तरीही वाटणी तशीच झाली. ज्या घरात दोन-तीन पिढ्या मराठी पुस्तकं होती त्या घरातल्या मुलाची मराठी पुस्तकासारखी होती, आणि ज्या घरात पुस्तक मागच्याच पिढीत आलं तिथल्या मुलाची मराठी घरासारखी होती. शुद्धतेचा निकष लावला की माणसं आपोआप त्या जुन्याच ओळीत उभी राहतात आणि कुणालाच आपण काही चुकीचं केलं असं वाटत नाही. दोघांतला एक मे महिन्यात ‘म्हाका वेळ ना’ म्हणून थांबला. दुसरा कोकणी नाटकात गेला, त्याच्याकडे पुढे येतो.

जे राहिले त्यांच्या भाषेचं काय झालं, हे या प्रकरणातलं मला सर्वांत शिकवणारं दृश्य आहे. कोकणीची छाप पुसायची म्हणून पोरांनी जपून बोलायला सुरुवात केली. अनुनासिक म्हणजे कोकणी, असं कोणीतरी सांगितलं होतं. मग ‘केलं, गेलं, सांगितलं’ मधला अनुस्वारही त्यांना संशयास्पद वाटायला लागला. घरगुती भांडणाच्या प्रसंगात नवरा बायकोला म्हणायचा, ‘मी तुला कालच सांगितले होते. तू ऐकले नाहीस.’ वर्तमानपत्र वाचावं तसं. पुण्यातला, नागपुरातला कुठलाही नवरा भांडताना असं बोलत नाही. लिंगाच्या धाकाने एकाने ‘तो लेकरू’ म्हटलं, कारण ‘ते’ म्हटलं की चुकतं एवढंच त्याच्या मनात पक्कं झालं होतं. वाक्य तोंडात यायच्या आधी तो ते मनात तपासून घ्यायचा, त्यामुळे प्रत्येक संवादाआधी क्षणभर फट पडायची. दिग्दर्शक ‘टायमिंग, टायमिंग’ म्हणून ओरडत राहिला. टायमिंग बिघडलं होतं ते धास्तीने.

भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी न्यूयॉर्कमधल्या 1966 च्या अभ्यासात हेच नोंदवलं होतं. तिथे ‘र’ स्पष्ट उच्चारणं मानाचं समजलं जाई. अगदी जपून बोलायची वेळ आली की निम्न-मध्यमवर्गातली माणसं तो ‘र’ वरच्या वर्गापेक्षाही जास्त उच्चारत. ज्याला आपल्या बोलण्याबद्दल सगळ्यांत जास्त धास्ती, तोच मोजमापाच्या पलीकडे जातो. वरच्या वर्गाला तशी गरज नसते. तो बोलतो तेच प्रमाण धरलेलं असतं.

त्या वर्षीच्या स्पर्धेत मंडळाला काहीच मिळालं नाही. अभिप्रायात भाषेबद्दल शेरा नव्हता. ‘अभिनयात सहजता नाही’ असा होता.

आणखी एक परिणाम मंडळाच्या बाहेरचा आहे, तो मला शाळेतून कळला. त्या सेविकेची मुलगी आठवीत होती. दर वर्षी वक्तृत्व स्पर्धेत भाग घ्यायची. त्या वर्षी तिने नाव दिलं नाही. शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं तर म्हणाली, ‘मी इंग्रजीतून बोलते, मराठीत चुका होतात.’ इंग्रजीत तिच्या जास्त चुका होत होत्या. पण इंग्रजीतल्या चुकीने आईची मान खाली जात नाही, हे त्या वयात तिला उमगलं होतं. गोव्यातल्या मराठी शाळा का ओस पडतात याची चर्चा आपण अनुदान, माध्यम धोरण, पालकांचा ओढा यांवर करतो. ती कारणं खरी आहेत. पण भाषा सोडून जाण्याची अशीही एक वाट आहे, आणि ती आपणच आखून देतो.

प्रमाण कुठून आलं

मराठीचं आज जे प्रमाण रूप आपण मानतो ते एकोणिसाव्या शतकात घडत गेलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. शाळा, छापखाने, सरकारी कामकाज यांतून पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या वर्गाचं बोलणं आणि लिहिणं सर्वांसाठी माप ठरलं. लेखनाला एकरूपता हवी, त्यासाठी मराठी साहित्य महामंडळाने चौदा नियम केले आणि ते 1962 साली शासनमान्य झाले. 1972 साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. वाचताना एक साधी गोष्ट लक्षात येते : हे लेखनाचे नियम आहेत. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढा, शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहा, अशा स्वरूपाचे. कुठल्या बाईने ‘ओ’ किती उघडा म्हणावा याबद्दल त्यांत काही नाही. कागदासाठी केलेली शिस्त आपण तोंडाला लावतो आणि तिला व्याकरण म्हणतो.

गोव्यात तर मराठी पहिल्यापासून कोकणीच्या सोबतीने जगली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. इंग्लंडहून आलेल्या या माणसाने साष्टीत राहून मराठीची जी थोरवी गायली ती आपण शाळेत पाठ करतो. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की शुद्ध मराठी इथल्या सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून इथल्या ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द जागोजागी मिसळून काव्य सोपं केलं. श्रोत्याला कळावं म्हणून केलेली ही मिसळण होती आणि तिची लाज वाटल्याचं कुठे दिसत नाही. ज्या ग्रंथाचा दाखला देऊन आपण मराठीचा अभिमान मिरवतो, त्याची भाषा आमच्या स्पर्धेच्या शेऱ्यात ‘कोकणीची छाप’ ठरली असती.

रंगभूमीचंही तसंच. मंगेशीत 1900 साली जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी 1918 साली बळवंत संगीत मंडळी काढली आणि अवघा महाराष्ट्र त्यांच्या गाण्याने भारून गेला. कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर लहानपणी नाटक कंपन्यांत काम करत होत्या. गोव्याच्या देवळांभोवतीच्या कलावंत घराण्यांनी मराठी नाटकाला आणि संगीताला जे दिलं ते वजा केलं तर त्या रंगभूमीचा मोठा भाग रिकामा होईल. ही माणसं कोकणी बोलत वाढली होती.

मग दुखणं कुठे आहे? मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली मॉन्ट्रियलमध्ये एक प्रयोग केला. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींकडून तोच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि ऐकणाऱ्यांना न सांगता दोन्ही ध्वनिमुद्रणं वेगळ्या माणसांची म्हणून ऐकवली. इंग्रजीतल्या आवाजाला हुशारी, विश्वासार्हता अशा गुणांत वरचढ ठरवलं गेलं. फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीसुद्धा तसंच ठरवलं. अग्रशाळेतल्या बैठकीत डोललेल्या माना मला यामुळे समजतात. परीक्षक बाहेरचा होता, पण निर्णय मंडळानेच घेतला, आणि तो घेणाऱ्या बहुतेकांच्या घरी तीच कोकणी बोलली जाते.

आता तो दुसरा तरुण. कोकणी नाटकात तो मोकळा झाला असेल अशी माझी समजूत होती. काही महिने तसं झालंही. मग तिथे त्याला सांगण्यात आलं की त्याची कोकणी ‘मराठाळलेली’ आहे. ‘पण’ नव्हे ‘पूण’ म्हण, ‘उद्या’ कशाला, ‘फाल्यां’ म्हण. जी अंत्रुजी बोली देवनागरी कोकणीच्या प्रमाणाचा पाया मानली जाते त्याच प्रदेशातला हा मुलगा. तरी त्याच्या वाड्याची बोली त्या प्रमाणात बसेना. रोमी, म्हणजे रोमन, लिपीत लिहिणारे कोकणी लेखक 1987 पासून हीच तक्रार वेगळ्या अंगाने करत आले आहेत : कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं ठरवलं आणि आमचं तियात्र नावाचं लोकप्रिय नाटक, आमची पुस्तकं दाराबाहेर राहिली. मराठीवाद्यांनी कोकणीवाद्यांकडे बोट दाखवावं किंवा उलट, असं हे दुखणं नाही. शुद्धतेच्या नावाने माणूस मोजायची सवय दोन्ही घरांत सारखीच आहे.

परीक्षकाची बाजू

ही बाजू मी हलकी मानत नाही. रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवावा लागतो. संहिता लेखकाने विचार करून लिहिलेली असते, ती वाटेल तशी बदलण्याचा हक्क नटाला नाही. आमच्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्याने याहूनही कळकळीचं कारण सांगितलं. ते मुंबईत नोकरीला होते. तिथे त्यांच्या बोलण्याला हसणारे भेटले. ‘आमची पोरं उद्या पुण्या-मुंबईला जातील, त्यांना कोणी हसू नये एवढंच मला वाटतं,’ असं ते म्हणाले. प्रमाण मराठी न शिकवता मुलाला तसंच सोडून देणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. परीक्षेची उत्तरपत्रिका, अर्ज, मुलाखत, बातमी, या सगळ्याला ती मराठी लागते आणि ती शिकण्याचा हक्क डोंगरवाड्यावरच्या मुलीला इतरांइतकाच आहे. मी आयुष्यभर तेच शिकवत आलो आहे.

पण ती शिकवता येते ती घरच्या भाषेवर पाय ठेवून. अमेरिकेत अॅन आर्बर इथल्या शाळेविरुद्ध कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी दावा लावला होता. 1979 साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला. मुलांची घरची बोली हा मूळ अडथळा नव्हता. शिक्षकांच्या मनात नकळत असलेली त्या बोलीविषयीची वृत्ती मुलांना वाचायला शिकण्याच्या आड येत होती. शाळेने शिक्षकांना ती बोली ओळखायला शिकवावं आणि त्या ज्ञानाचा उपयोग प्रमाण इंग्रजीचं वाचन शिकवायला करावा, असा आदेश झाला. प्रमाण भाषा शिकवू नका असं न्यायालयाने म्हटलं नाही. मुंबईत हसणाऱ्यांचं उत्तर आपण गावातच आधी हसून द्यावं, हे मला मान्य होत नाही.

आणि ‘आयलें गो’ विषयी मी माझं मत स्पष्ट सांगतो. ती आई फोंड्याकडची गरीब बाई आहे असं संहितेत कुठे म्हटलेलं नव्हतं, तेव्हा परीक्षकाला ते वाक्य खटकणं शक्य आहे. पण नटीने संहिता सोडली, हा शेरा वेगळा आणि तिचे उच्चार अशुद्ध, हा शेरा वेगळा. पहिला शेरा मिळाला असता तर तालमीत ते वाक्य अर्ध्या तासात सुटलं असतं.

तिसऱ्या वर्षीचं काम

तिसऱ्या वर्षी दिग्दर्शन एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेकडे आलं. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात. बाईंनी तात्त्विक चर्चा केली नाही. त्यांनी पहिल्या वाचनाचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं आणि ते तीन जणांना ऐकवलं : कानाने थोडे कमी ऐकणारे एक आजोबा, पाचवीतला एक मुलगा, आणि मंडळातल्या एकाची बायको, जी कोल्हापूरची आहे. प्रत्येकाला सांगितलं की जिथे शब्द कळला नाही तिथे हात वर करा.

हात जिथे वर झाले ती ठिकाणं पाहण्यासारखी होती. बहुतेक वेळा वाक्याचा शेवट गिळलेला होता. श्वास संपलेला, क्रियापद पुटपुटलेलं. आमच्याकडे बोलण्याचा वेगही जास्त. उघड्या ‘ओ’ला किंवा अनुनासिकाला कोल्हापूरच्या सुनेने एकदाही हात वर केला नाही. काही कोकणी रूपांना केला, ‘येवंक’ (यायला) सारख्या, आणि ती बदलली. मुलीला ‘ते’ म्हटल्यावर ती हसली, पण ‘आमच्याकडंबी पोरीला ते पोरगं म्हणत्यात की कधी कधी’ असं म्हणाली.

बाईंनी श्वासावर आणि वाक्याच्या शेवटावर महिनाभर मेहनत घेतली. अण्णा, वहिनी, दादा अशी सगळी पात्रं गावातलीच करून घेतली आणि लेखकाची परवानगी मागून कथानक अंत्रूजमध्ये हलवलं. मालकाचं पात्र प्रमाण मराठी बोलतं, त्याची आई गोव्याची मराठी बोलते, मोलकरीण कोकणी मिसळते. एकाच घरात तीन तऱ्हेची मराठी. ज्या तरुणाच्या बोलण्यात धास्तीची फट पडत होती त्याला मालकाची भूमिका दिली, आणि प्रमाण भाषा ही त्या पात्राची भाषा म्हणून शिकवली. त्याने ती पंधरा दिवसांत उचलली. आदल्या वर्षी त्याला ती स्वतःच्या भाषेच्या जागी घ्यायची होती, तेव्हा ती येत नव्हती.

अंगणवाडीच्या सेविकेला बाई स्वतः घरी जाऊन भेटल्या. मोठी भूमिका तिने घेतली नाही. ‘आतां पुरो, बाई,’ म्हणाली. दुसऱ्या अंकात आजीचा एक छोटा प्रवेश आहे, तो तिने केला. चांगला केला. पण ती संहितेतलं अक्षरही इकडेतिकडे होऊ देत नव्हती, आणि दाराकडे धावणारी ती बाई मला त्या प्रवेशात दिसली नाही. तिच्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेत अजून नाव दिलेलं नाही. थांबलेला तरुण परत आलेला नाही. स्पर्धेत मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, भाषेबद्दल अभिप्रायात एक शब्दही नव्हता.

मंडळाने आता स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहिलं आहे. मागणी अशी आहे की गुणपत्रिकेत ‘शुद्ध उच्चार’ असा एकच रकाना न ठेवता दोन ठेवावेत : शब्द प्रेक्षकांपर्यंत स्पष्ट पोचतात का, आणि भाषा त्या पात्राला साजते का. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी एक वाक्य घालायला सुचवलं आणि बैठकीत ते मान्य झालं : भाषेबद्दल शेरा द्यायचा असेल तर परीक्षकाने अंक, प्रवेश आणि नेमकं वाक्य नोंदवावं, म्हणजे कलाकाराला त्या वाक्यावर काम करता येईल. पत्र गेलं आहे, उत्तर यायचं आहे. दरम्यान गावातल्या जत्रेच्या स्पर्धेसाठी, जिथे परीक्षक आम्हीच असतो, ही नवी गुणपत्रिका या वर्षीपासून लागू केली आहे.